ट्रम्प यांना ३५ कोटी डॉलरचा दणका देणारे जज बिनविरोध निवडून आले होते, त्यांच्या निकालाचं पुढे काय झालं?

तारीख होती १६ फेब्रुवारी २०२४. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या कोर्टातून ९२ पानांचा निकाल बाहेर आला आणि जगभरच्या टीव्हीवर एकच आकडा फिरायला लागला. डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे ३५.५ कोटी डॉलर भरायचे. म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण तीन हजार कोटी रुपये, आणि व्याज वेगळं. निकालाखाली नाव होतं आर्थर एंगोरॉन.

बातम्यांमध्ये लिहून आलं, 'न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचा निकाल'. आपल्याकडे अनेकांना वाटलं, चला, सगळ्यात वरच्या कोर्टानेच निकाल दिला, विषय संपला.

पण गंमत इथेच आहे. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं कोर्ट आहे. जिथे साक्षी होतात, कागद तपासले जातात, उलटतपासणी होते ते ट्रायल कोर्ट. इंग्रजांच्या काळात, १६९१ साली या कोर्टाला हे नाव मिळालं आणि ते तसंच राहिलं. त्याच्या वर अपेलेट डिव्हिजन आणि सगळ्यात वर कोर्ट ऑफ अपील्स. म्हणजे एंगोरॉन हे आपल्या भाषेत सांगायचं तर जिल्हा न्यायाधीशांच्या जवळ जाणारं पद सांभाळत होते.

आता हा माणूस इथपर्यंत पोहोचला कसा, ते बघू.

एंगोरॉन यांचा जन्म १९४९ चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. कोलंबिया युनिव्हर्सिटीतून १९७२ मध्ये पदवी घेतली. शिकत असताना न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टॅक्सी चालवली. पियानो आणि ड्रम शिकवायचं कामही केलं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून वकिलीची पदवी घेतली ती १९७९ मध्ये, म्हणजे तिशीला टेकल्यावर. मग काही वर्षं मोठ्या लॉ फर्ममध्ये व्यापारी दाव्यांची वकिली केली. कंपन्यांची भांडणं, करार, हिशोबाचे कागद हे त्यांचं रोजचं काम होतं.

त्यानंतर सुप्रीम कोर्टाच्याच एका जजकडे ते ११ वर्षं लॉ क्लर्क होते. क्लर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फाईलींचा गठ्ठा घेऊन बसलेले कारकून येतात. तिकडचा लॉ क्लर्क वेगळा असतो. तो स्वतः वकील असतो, जजसाठी कायद्याचा अभ्यास करतो, निकालाचे मसुदे तयार करतो. थोडक्यात, जज न होता ११ वर्षं जजचं काम जवळून शिकायला मिळतं.

२००३ मध्ये एंगोरॉन स्वतः न्यूयॉर्क शहराच्या सिव्हिल कोर्टात जज झाले. त्या कोर्टात तेव्हा २५ हजार डॉलरपर्यंतचेच दावे चालायचे. २०१३ मध्ये त्यांना सुप्रीम कोर्टात हंगामी जज म्हणून पाठवलं गेलं आणि २०१५ मध्ये ते कायमचे झाले. परीक्षा देऊन नाही, निवडणूक लढवून. तीही बिनविरोध.

आपल्याला हे पचायला अवघड जातं. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते. वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर किमान सात वर्षांची प्रॅक्टिस, लेखी परीक्षा, मुलाखत असं सगळं असतं. प्रचाराचा बोर्ड लावून कुणी जज होत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मात्र १८४६ च्या राज्यघटनेपासून जज निवडून द्यायची पद्धत आली. त्यामागचा विचार वाईट नव्हता. सत्तेतल्या मूठभर लोकांनी जज नेमण्यापेक्षा जनतेने निवडावेत. पण प्रत्यक्षात सुप्रीम कोर्टाच्या जजचं तिकीट पक्षाच्या अधिवेशनात ठरतं. प्रतिनिधी जमतात, नावं पुढे येतात आणि पक्षाचे स्थानिक नेते ज्याच्या पाठीशी त्याचं काम होतं. मॅनहॅटन हा डेमोक्रॅटिक पक्षाचा गड. तिथे या पक्षाचं तिकीट मिळालं की निवडणूक म्हणजे औपचारिकताच. एकदा निवडून आलं की मुदत १४ वर्षांची.

या पद्धतीवर खटलाही झाला होता. ब्रुकलिनच्या एक जज, मार्गारिटा लोपेझ टोरेस. पक्षाने सांगितलेल्या माणसांना कोर्टात नोकरी दिली नाही म्हणून आपल्याला वरच्या कोर्टाचं तिकीट मिळू दिलं गेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, म्हणजे देशाच्या, खऱ्याखुऱ्या सर्वोच्च. २००८ मध्ये तिथल्या जजेसनी एकमताने सांगितलं की ही पद्धत घटनाबाह्य नाही. ती शहाणपणाची आहे असं मात्र ते म्हणाले नाहीत. उलट दोन जजेसनी वेगळी टिपणी जोडून सुचवलं की एखादा कायदा मूर्खपणाचा असला म्हणून तो घटनाबाह्य ठरत नाही.

एंगोरॉन याच वाटेने आले. ते डेमोक्रॅट आहेत, हे कधी लपलेलं नव्हतं. आणि २०२२ मध्ये त्यांच्यासमोर केस आली ती रिपब्लिकन पक्षाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याची. केस करणाऱ्या राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स याही डेमोक्रॅट आणि निवडून आलेल्याच. ट्रम्प यांना 'हे राजकारण आहे' म्हणायला वेगळा पुरावा शोधावा लागला नाही.

केस काय होती? ट्रम्प यांच्या कंपनीने कर्ज आणि विमा चांगल्या अटींवर मिळावा म्हणून मालमत्तांच्या किमती फुगवल्या, हा आरोप. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ट्रम्प टॉवरमधल्या त्यांच्या स्वतःच्या घराचं. प्रत्यक्षात घर १०,९९६ चौरस फूट, कागदावर ३० हजार. सातबारावर एक आणि जागेवर दुसरंच, असा हा प्रकार.

बचाव असा की बँकांचे पैसे व्याजासकट परत गेले, मग फसलं कोण? हा मुद्दा फालतू नाही. पण ज्या राज्य कायद्याखाली केस होती त्यात कुणाचं नुकसान झालं हे दाखवावंच लागत नाही. एंगोरॉन यांनी २६ सप्टेंबर २०२३ ला, साक्षीपुरावे सुरू व्हायच्या आधीच, कागदपत्रं बघून फसवणूक झाल्याचं ठरवलं. ज्युरी नव्हती. त्यामुळे खरं काय, खोटं काय आणि किती पैसे, हे सगळं एकाच माणसाच्या हातात होतं.

२ ऑक्टोबरला सुनावणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी जजच्या लॉ क्लर्कबद्दल सोशल मीडियावर पोस्ट टाकली. एंगोरॉन यांनी आपल्या स्टाफबद्दल बोलायला बंदी घातली. ती मोडली म्हणून आधी ५ हजार, मग १० हजार डॉलर दंड केला. अब्जाधीशासाठी ही चिल्लर, पण संदेश गेला. ११ जानेवारी २०२४ ला शेवटचा युक्तिवाद होता. त्या दिवशी सकाळी एंगोरॉन यांच्या घरी बॉम्ब असल्याची धमकी आली. त्या दिवसाचं कामकाज तरीही झालं.

निकालात त्यांनी भाषा जपून वापरली नाही. आरोपींना पश्चात्ताप नसणं हे जवळजवळ आजारासारखं आहे, असं लिहिलं. ज्या जजवर पक्षपाताचा आरोप रोज होतोय, त्याने असं वाक्य टाळलं असतं तर निकाल दुबळा झाला नसता. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

२१ ऑगस्ट २०२५ ला अपेलेट डिव्हिजनचा निकाल आला, ३०० हून जास्त पानांचा. व्याज धरून रक्कम तोपर्यंत ५० कोटी डॉलरच्या वर गेली होती. ती सगळी रद्द. एंगोरॉन यांच्या लेखी ती गैरमार्गाने कमावलेल्या फायद्याची वसुली होती. वरच्या कोर्टाने म्हटलं, हा प्रत्यक्षात दंडच आहे आणि तो अवाजवी आहे, अमेरिकेच्या घटनेच्या आठव्या दुरुस्तीत तो बसत नाही.

ट्रम्प यांनी लगेच पूर्ण विजय जाहीर केला. तो पूर्ण नव्हता. फसवणूक झाली हा एंगोरॉन यांचा निष्कर्ष टिकला. पण कसा टिकला तेही बघा. पाच जजेसपैकी दोघे त्या निष्कर्षाशी सहमत होते. दोघांचं मत होतं की खटला नव्याने चालवावा. एकाला तर केसच काढून टाकायची होती. नव्याने खटला मागणाऱ्या दोघांनी फक्त एवढ्यासाठी साथ दिली की काहीतरी निर्णय व्हावा आणि प्रकरण वर जाऊ शकावं.

आता अपील आहे कोर्ट ऑफ अपील्सकडे. तिथे सात जज बसतात आणि त्यांच्यातलं कुणीही निवडणूक लढवून त्या खुर्चीवर आलेलं नाही. न्यूयॉर्कने १९७७ मध्ये घटना बदलून या एका कोर्टापुरती निवडणूक बंद केली. तिथले जज गव्हर्नर नेमतात, तेही एका आयोगाने दिलेल्या यादीतून. खालच्या सुप्रीम कोर्टाचे जज आजही निवडूनच येतात.