फुकटच्या प्रणालीची किंमत

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा व्याप कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. चंदगडपासून जतपर्यंतच्या विद्यार्थ्याला टिपणे, स्वाध्याय व गुण संगणकावर एकाच ठिकाणी मिळावेत, ही कल्पना स्वागतार्हच होय. २०२० च्या टाळेबंदीने तिची निकड सर्वांना पटली. साधनही दुर्मिळ नाही. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये उपलब्ध केलेली ‘मूडल’ ही अभ्यासक्रम व्यवस्थापन प्रणाली विनामूल्य मिळते.

परंतु फुकट मिळालेली गायही चारा खातेच! सर्व्हर चालू ठेवणे, सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर बसविणे, माहितीच्या राखीव प्रती ठेवणे, परीक्षेच्या आदल्या रात्री अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर देणे, ही कामे करणार कोण? ती तासिका तत्त्वावरील एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात घातली, तर त्याच्या नेमणुकीबरोबर त्याचा अनुभवही संपतो.

म्हणूनच प्रणाली स्वीकारण्याच्या ठरावातच तंत्रसाहाय्यकांची कायम पदे, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि दरवर्षीची आर्थिक तरतूद यांचा समावेश झाला पाहिजे. अन्यथा उद्घाटनाची फीत तेवढी कापली जाईल आणि विद्यार्थी टिपणांसाठी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानापुढेच रांग लावतील.