आधीच्या सरकारचे पोलीस

वटारच्या माणसाचं महापालिकेत काम निघालं तर विरार, तहसीलचं असेल तर वसई आणि जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जायचं तर पालघर. हे सगळ्यांना पाठ आहे. पोलिसाविरुद्धच तक्रार असेल तर कुठे जायचं, हे गावात दहा जणांना विचारा. नऊ जण त्याच पोलीस ठाण्याचं नाव सांगतील आणि दहावा म्हणेल, नको त्या भानगडीत पडू.

दहाव्याचं चुकत नाही. ठाण्यात काय होतं ते ज्याने एकदा अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. ठाणे अंमलदार अर्ज हातात घेतो, वरून खाली नजर फिरवतो आणि साहेब राउंडला गेल्याचं सांगतो. फारच धरून बसलात तर झेरॉक्सवर आवकचा शिक्का मारून मिळतो. शिक्का पाहून माणसाला वाटतं गुन्हा दाखल झाला. झालेला नसतो, अर्ज 'चौकशीवर' गेलेला असतो. चौकशीची सुरुवात समोरच्या पार्टीला फोन लावून. मग दोघांना बोलावून जबाब, आणि जबाबाच्या शेवटी बहुतेक वेळा एक ठरलेलं वाक्य, की माझी आता कोणाविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही. खाली सही, तारीख, फाईल बंद. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. निकाल जुना झाला, अर्जांची चौकशी अजून चालूच आहे.

आपल्याच तालुक्यातलं आणि साऱ्या देशाला माहीत झालेलं उदाहरण श्रद्धा वालकरचं. तिने २३ नोव्हेंबर २०२० रोजी नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज दिला. मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते; १ ऑक्टोबरलाच आपण पालघरच्या अधीक्षकांकडून मिरा रोडच्या आयुक्तांकडे आलो होतो. अर्जात तिने सोबत राहणारा तरुण मारहाण करतो, आज जीव घ्यायचा प्रयत्न केला, तुकडे करून टाकण्याची धमकी देतो, असं स्पष्ट लिहिलं होतं. पुढे काही आठवड्यांत तिने तक्रार नसल्याचं लिहून दिलं आणि प्रकरण मिटलं. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत तिचा खून झाला. कसा झाला, ते दिल्ली पोलिसांच्या आरोपपत्रात आहे आणि वाचकांना ते पुन्हा सांगायची गरज नाही.

तिनेच तक्रार मागे घेतली, मग पोलिसांनी काय करायचं, असा युक्तिवाद तेव्हा इथे नाक्यानाक्यावर ऐकू येत होता. मला तो पटत नाही. जिवे मारण्याचा प्रयत्न हा दोघांनी आपसात मिटवून टाकायचा गुन्हा नाही. घाबरलेल्या मुलीने सही केली म्हणून कायद्याची जबाबदारी संपत नाही, आणि सही करेपर्यंतचे आठवडे कोणी कशात घालवले हा प्रश्न उरतोच.

ते पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये उजेडात आलं, तेव्हा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस होते. पत्र गंभीर आहे, वेळीच कारवाई झाली असती तर ती वाचू शकली असती, कारवाई का झाली नाही याची चौकशी करू, असं ते म्हणाले. अगदी योग्य बोलले. फक्त एक गोष्ट विसरता येत नाही. पत्र दिलं गेलं तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं आणि गृहखातं अनिल देशमुखांकडे होतं.

आता दोन वर्षं पुढे या. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक आणि मग पोलिसांची धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण पकडला गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू झाल्याचं प्राथमिक मत आलं. नागपूरचं अधिवेशन चालू होतं. त्याच फडणवीसांनी, आता मुख्यमंत्री म्हणून, सभागृहात सांगितलं की मारहाण झाली नसल्याचं त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सांगितलं होतं, कॅमेऱ्याच्या चित्रणातही मारहाण दिसत नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता. एका पोलीस निरीक्षकाचं निलंबन, न्यायालयीन चौकशी आणि दहा लाखांची मदत त्यांनी जाहीर केली, हेही नोंदवलं पाहिजे. आई विजयाबाईंनी ती मदत नाकारली.

त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. इथे सरकारला बाजू बदलायची संधी होती. सरकार आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही हरलं. एका आईला फक्त गुन्हा नोंदवून घेण्यासाठी, शिक्षा तर दूरच, राज्य सरकारशी दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. करदात्याच्या पैशातून सरकारने वकील उभे केले ते कोणासाठी, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.

नालासोपाऱ्याचं पत्र आणि परभणीचा मृत्यू शेजारी ठेवले की दिसतं, गृहमंत्र्याला पोलिसांची चूक दिसते ती आधीच्या सरकारच्या काळातली. स्वतःच्या काळात ठाण्यातून आलेली टिपणी तो सभागृहात वाचून दाखवतो. ती टिपणी लिहिणारा तोच, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

भाजप सोडून दुसरं कोणी असतं तर वेगळं घडलं असतं, असं समजायचं कारण नाही. परभणीचाच ख्वाजा युनूस घ्या. घाटकोपरच्या स्फोटप्रकरणी पकडलेला हा २७ वर्षांचा अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. जीप उलटली आणि तो पळाला, अशी पोलिसांची गोष्ट. सीआयडीच्या तपासात ती टिकली नाही. तेव्हा सत्तेत काँग्रेस आणि राष्ट्रवादी. आरोपी झालेला पोलीस अधिकारी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाला आणि जून २०२० मध्ये, खटला बाकी असताना, पुन्हा सेवेत आला. तेव्हा सत्तेत उद्धव ठाकरे. नऊ महिन्यांनी अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने त्याला अटक केली, तेव्हा कुठे सगळ्यांना आठवलं की अरे, हा तोच.

त्याच प्रकरणात मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांचं, गृहमंत्री देशमुखांवर शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारं पत्र आलं. आयुक्तपदावरून बदली १७ मार्च २०२१ ला, पत्र २० मार्चला. खुर्चीवर असताना जे दिसत नव्हतं ते तीन दिवसांत दिसू लागलं. देशमुखांना मंत्रिपद सोडावं लागलं, तुरुंगातही जावं लागलं. सिंह निलंबित झाले, सरकार बदललं, मे २०२३ मध्ये निलंबन रद्द झालं आणि तो काळ सेवेतच धरला गेला. महासंचालक दर्जाच्या जागल्याला एवढं संरक्षण मिळतं. हवालदाराने वरिष्ठाच्या हप्त्याबद्दल तोंड उघडलं तर काय होतं, ते कोणत्याही पोलीस वसाहतीत विचारा. पोलिसांना संघटना नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी बंड केलं आणि सरकारने संघटनेची मान्यताच काढून घेतली. तेव्हापासून खाकीतल्या माणसाची तक्रारही खाकीतल्याच माणसाकडे जाते.

यावर उपाय कागदावर आहे. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितली. राज्याच्या प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती, जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि शिफारस बंधनकारक. महाराष्ट्राने आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि दोन बारीक बदल केले. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांना मिळून एक. आणि शिफारस बंधनकारक ठेवण्याऐवजी, कारणं लिहून ती नाकारायची वाट सरकारने स्वतःसाठी राखली. कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं, या सगळ्याची चौकशी हे प्राधिकरण करू शकतं. जमीन बळकावणं हा शब्द वसईच्या पश्चिम पट्ट्यात कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

आणि इथेच जागल्यांचा प्रश्न येतो, कारण आपल्याकडे माणूस पोलिसांच्या नजरेत येतो तो बहुतेक वेळा जमिनीच्या तक्रारीमुळे. रात्री डंपर येतात, पाणथळीत मातीचा भराव पडतो, पावसाळ्यात पाणी शेजारच्या केळीत शिरतं. जुलै २०१८ मध्ये वसई चार दिवस पाण्यात होती, तेव्हा भरावाचा अर्थ शहरवाल्यांनाही कळला. कोणीतरी फोटो काढून अर्ज देतो. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव आणि मोबाईल नंबर भराववाल्याकडे असतो. मग त्यालाच शांतताभंगाची नोटीस येते. पूर्वी फौजदारी संहितेच्या १४९ ची यायची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची येते. कलम बदललं, पत्ता तोच. माहिती अधिकाराच्या नावाने खंडण्या उकळणारेही आपल्या भागात निपजले, हे खरं आहे, आणि प्रामाणिक अर्जदाराचं त्यांच्याइतकं नुकसान कोणी केलेलं नाही. पण त्यांच्या निमित्ताने प्रत्येक अर्जदाराला 'तोडपाणीवाला' ठरवणं सगळ्यांच्या सोयीचं झालं आहे.

या माणसाला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो लागूच केला गेला नाही. मनमोहन सिंग सरकारने जाताजाता मंजूर केला, मोदी सरकारने २०१५ मध्ये त्यात दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेत त्या संमत झाल्या आणि पुढे बारगळल्या. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी मावळातले जमिनींचे व्यवहार बाहेर काढले होते, पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तपास सीबीआयपर्यंत गेला, बंद झाला, पुन्हा उघडला. त्या खुनासाठी शिक्षा कोणालाही झालेली नाही.

वसईत बोलणाऱ्यांना आजवर जे काही संरक्षण मिळालं ते माणसांच्या संख्येने दिलं. फादर दिब्रिटोंच्या मागे हरित वसई चळवळीची माणसं होती म्हणून ते बोलू शकले. महापालिकेत गावं घालण्याविरुद्ध वटारसह सगळा पट्टा उठला होता. २०१० च्या सुरुवातीला त्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हाचे आमदार विवेक पंडित सरकारच्या विरोधात रस्त्यावर होते आणि गृहमंत्री आर. आर. पाटलांना जाब विचारला जात होता. भरावाचा फोटो काढणारा मात्र एकटा असतो. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

पंडितांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित आज वसईच्या आमदार आहेत आणि सत्ताधारी बाकावर आहेत. नालासोपाऱ्याचे राजन नाईकही त्याच बाकावर. या दोघांनी येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना एक तारांकित प्रश्न विचारावा: पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे पालघर जिल्ह्यातून आजवर किती तक्रारी गेल्या, किती शिफारशी सरकारने नाकारल्या आणि प्रत्येक वेळी कोणती कारणं लिहिली? आणि उपप्रश्न म्हणून, तुळिंजच्या त्या अर्जाच्या चौकशीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर कधी ठेवणार? उत्तर लेखी मागावं.

– वटारकर