हवा काढण्याची मजुरी

नांदेडच्या हिंगोली गेटपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजचे बिल हातात घेतले, तर त्यावर सुट्या भागांची यादी सापडते. ब्रेक शू, डिस्क पॅड, व्हील सिलिंडरचे किट, ब्रेक ऑइलची बाटली. ब्रेकमधली हवा काढण्याची मजुरी मात्र त्यावर क्वचितच वेगळी लिहिलेली असते. गिऱ्हाइकाला ते काम दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायला त्याचा हात आखडतो. पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असल्याने मिस्त्रीही ते घाईने उरकतो. ज्या कामावर गाडीतल्या सगळ्यांचा जीव अवलंबून, तेच काम फुकटात जाते. ही रीत बदलायलाच हवी.

काम दोन माणसांचे आहे. शिकाऊ पोरगा स्टिअरिंगमागे बसतो, उस्ताद चाकाशी उकिडवा. चाकामागे एक छोटा निप्पल असतो. त्याची रबरी टोपी काढायची, पान्हा अडकवायचा, पारदर्शक नळी चढवायची आणि तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवायचे. ‘मार... मार... अजून एक... आता धर!’ ‘धरलं, उस्ताद.’ निप्पल जेमतेम पाव आटा सैल होतो, नळीतून फेसाळ तेल फसफसत येते आणि पोराच्या पायाखालचे पेडल खाली जाते. निप्पल पुन्हा आवळेपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पहिले पाढे पंचावन्न. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच चालू ठेवायचे, मग पुढचे चाक. मधेमधे बॉनेटखालच्या डबीत तेल ओतत राहायचे, कारण डबी रिकामी पडली तर मास्टर सिलिंडरच हवा गिळतो.

चाकांनाही क्रम असतो. जुनी रीत अशी, की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यायचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून मागचे डावे चाक पहिले आणि पुढचे उजवे शेवटचे. पण बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या नळ्या तिरक्या जोड्यांत विभागलेल्या असतात, पुढचे एक चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे. तिथे हा क्रम बदलू शकतो, म्हणून कंपनीची पुस्तिका पाहिल्याशिवाय हात घालू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, हे गाडीमालकाने एकदा समजून घ्यायला हवे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा १७व्या शतकातल्या ब्लेझ पास्कलचा नियम. त्यावर मोटारीचे ब्रेक चालवण्याचे पेटंट अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली घेतले. तेल दाबाने जवळपास आकसत नाही, त्यामुळे पायाचा जोर थेट चाकापर्यंत जातो. हवा आकसते. नळीत लिंबाएवढी नव्हे, बोराएवढी हवा राहिली तरी पेडलचा बराचसा प्रवास ती दाबण्यातच खर्च होतो आणि पॅडपर्यंत जोर पोहोचतो तो उशिरा, अपुरा.

मराठवाड्यातल्या अनेकांच्या डोक्यात इथे गोंधळ असतो, कारण ट्रकला आणि एसटीला हवेचेच ब्रेक असतात. तिथे टाकीत हवा भरल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही. ती यंत्रणाच निराळी. कारच्या नळीत हवेला अजिबात जागा नाही.

याहून फसवा प्रकार तेलातल्या पाण्याचा. डॉट-३ आणि डॉट-४ जातीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात झाकण उघडे टाकून बाकाखाली ठेवलेला डबा तर बाजूलाच राहू द्या. ओलावा रबरी होजमधूनही हळूहळू झिरपतो. मानकानुसार कोरे डॉट-३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले, की ही मर्यादा १४० अंशांवर उतरते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. आता माहूरला रेणुकेचे दर्शन घेऊन गड उतरणारी, माणसांनी भरलेली गाडी घ्या, किंवा लातूरहून तुळजापूरमार्गे सोलापूरला निघालेली घ्या. गिअर खाली न घेता चालक सगळा उतार ब्रेकवर काढतो. डिस्क तापते, कॅलिपर तापतो, त्यातले तेल उकळते आणि त्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच दबते. पेडल एकाएकी तळाला जाते.

आणि खरी गंमत गॅरेजात पोहोचल्यावर कळते. तोवर गाडी निवलेली असते, वाफेचे पुन्हा तेल झालेले असते, पेडल घट्ट असते. मिस्त्री दोनदा दाबून पाहतो आणि म्हणतो, ‘काही नाही हो, ब्रेक तर चांगले आहेत.’ त्याचे त्या घटकेला चुकलेले नसते. पण तेल किती वर्षांचे आहे, हे त्याने विचारलेले नसते आणि मालकाला सांगता आलेले नसते. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत दोन वर्षांच्या आसपासची मुदत दिलेली असते. आपल्याकडे तेल बदलत नाहीत, कमी झाले की वर ओततात. पातळी उतरली म्हणजे बऱ्याचदा पॅड झिजलेले असतात किंवा कुठे तरी गळती असते. वरून ओतल्याने ती खूणच पुसली जाते.

घाईत होणाऱ्या चुकाही ठरलेल्या. बाटलीत निघालेले जुने तेल पुन्हा डबीत ओतले जाते. जुन्या गाडीचे पेडल दणादण तळापर्यंत हाणले जाते. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज बसलेला असतो, त्यावर घासून आतले रबर फाटते. कधी डावा कॅलिपर उजवीकडे बसतो, निप्पल वरच्या ऐवजी खालच्या बाजूला येतो आणि मग दिवसभर पंप मारला तरी वर अडकलेली हवा निघत नाही. काळ्या मातीच्या चिखलात फिरणाऱ्या गाड्यांचे निप्पल तर टोपी हरवल्यामुळे गंजून जाम होतात आणि जोर लावला की मोडतात. तेव्हा ‘तीन चाकांची काढली, बास झालं’ असे म्हणून गाडी सोडली जाते. हे थांबले पाहिजे.

सरकारी व्यवस्थेकडून इथे फारशी राखण होत नाही. धुराची तपासणी ठरलेल्या मुदतीने होते, पीयूसी नसेल तर दंड होतो. खासगी कारची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते आणि तोवर तिचे ब्रेक आरटीओसमोर दाखवण्याची सक्ती नाही. एमएच-२४ असो वा एमएच-२६, पहिली १५ वर्षे ही जबाबदारी मालक आणि मिस्त्री या दोघांचीच.

म्हणून मालकाने मजुरी वेगळी विचारावी आणि न कुरकुरता द्यावी. चारी चाकांचे काम, नवे सीलबंद तेल, दोन माणसांचा वेळ. तेलाची बाटली आपल्यासमोर फोडायला सांगावी आणि बदलल्याची तारीख डबीवर चिकटवून घ्यावी. मिस्त्रीनेही बिलावर ‘हवा काढली, तेल बदलले’ अशी ओळ लिहावी.

नव्या गाड्यांनी आणखी एक अडचण आणली आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले. त्याच्या मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली, तर अनेक गाड्यांत स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती निघत नाही. छोट्या गॅरेजला असा स्कॅनर परवडेलच असे नाही. नांदेड आणि लातूरच्या आयटीआयने परिसरातल्या मिस्त्रींसाठी चार-पाच दिवसांचे वर्ग घ्यावेत, ठरावीक भाड्यावर स्कॅनर वापरू द्यावा. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात चालकांचे डोळे तपासतात, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. त्याच मांडवात ब्रेक ऑइलमधला ओलावा मोजणारे पेन ठेवता येईल. ते डबीत बुडवले की काही सेकंदांत दिवा लागतो, आणि लाल लागला तर चालकाला तिथल्या तिथे तेल बदलायची चिठ्ठी देता येते.