मावशींचा चेहरा हिरवा का?

डहाणू रोड स्टेशनबाहेर चिकू विकणाऱ्या एका मावशींचा फोटो मी मध्यंतरी काढला. उन्हातला, कडक सावल्यांचा, एकदम झक्कास! मग काय, घरी आले आणि बसले त्याचा पॉप आर्ट करत.

तुम्हालाही करायचाय? सोप्पंय. फोटोशॉपमध्ये फोटोच्या लेअरची कॉपी घ्या आणि इमेज मेनूतल्या अॅडजस्टमेंट्समध्ये जाऊन ‘थ्रेशोल्ड’ निवडा. (पैसे नसतील तर ‘गिम्प’ फुकट आहे, त्यातही थ्रेशोल्ड मिळतो.) आता प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा. स्लायडर १२८ वर असतो, तो हळूहळू सरकवा. जास्त ओढलात तर नाक गायब! या लेअरला ‘मल्टिप्लाय’ मोड द्या, म्हणजे पांढरं नाहीसं होतं आणि काळं तेवढं उरतं. खाली नवा लेअर घेऊन त्यात एक भडक रंग ओता, वर ब्रशने चेहरा, ओठ, साडी रंगवा. आणि हो, रंग रेषेबाहेर थोडा सरकू द्या. वॉरहॉलच्या छपाईतही तो सरकायचा, मजा त्यातच आहे. मग चार कॉप्या शेजारी शेजारी लावून प्रत्येकीचा ‘ह्यू’ बदला. झालं!

खरं तर दोन रंगांत चित्र कसं उभं करायचं हे डहाणू-तलासरीला कुणी शिकवायला नको. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस्स. लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकात वारली चित्र कागदावर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना जीआय टॅगही मिळाला. तरी मगवर, कुडत्यावर ती माणसं नाचतच असतात, चित्र कुणाचं हे कोण विचारतो?

वॉरहॉलनेही विचारलं नव्हतं. १९६२ साली मेरिलिन मन्रो गेल्यावर त्याने तिचा ‘नायगारा’ सिनेमाच्या प्रसिद्धीचा फोटो उचलला आणि छापत सुटला. पण गायक प्रिन्सच्या चित्राचं प्रकरण त्याच्या फाउंडेशनला भोवलं. मूळ फोटो लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेला. त्यावरून केलेलं चित्र फाउंडेशनने २०१६ मध्ये एका मासिकाला वापरायला दिलं आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध २ अशी हार पत्करली.

हे वाचताना मला घाम फुटला. फोटो माझाच होता, पण चेहरा? एका मैत्रिणीला तर तो टी-शर्टवर हवा होता. मी तिला थांबवलं आणि रविवारी दोन प्रिंट घेऊन डहाणूची लोकल पकडली. एक साधी, एक चार रंगांची.

मावशींनी रंगीत प्रिंट उलटसुलट करून पाहिली. ‘पोरी, ही हिरवी कोण? आजारी हाय का?’

टी-शर्टचं विचारलं तर मान हलवून सरळ ‘नको’ म्हणाल्या. साधा फोटो पिशवीत ठेवला, रंगीत मला परत दिला. वर चार चिकू. त्यांचे पैसे मात्र घेतले हं!