जामीनदार कोण राहील?

बँकेच्या नोकरीत ‘जामीनदार’ हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला, तितक्या वेळा देवाचे नावही घेतले नसेल. उल्हासनगरच्या शाखेत कपडे शिवणारे, फर्निचरवाले, अंबरनाथच्या कारखान्यांतले कामगार कर्जासाठी येत. माझे प्रश्न ठरलेले. जामीनदार कोण? पगार किती? घर कुणाच्या नावावर?

१९९८ च्या सुमारास एके दुपारी शाखेबाहेर चहा विकणाऱ्या बाई आत आल्या. चाळीतल्या मारामारीत त्यांच्या मुलाला अटक झाली होती. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण पाच हजारांचा जामीनदार हवा होता. “साहेब, तुमची सही चालेल म्हणतात वकील,” त्या म्हणाल्या. मी बँकेच्या नियमांवर बोट ठेवले. असा नियम आहे का, हे मी पाहिलेही नव्हते. पोरगा अडीच महिने आत राहिला आणि पुढे निर्दोष सुटला. बाईंनी माझा चहा मात्र एक दिवसही चुकवला नाही. तेच अजून बोचते.

वाचकहो, बँकेला पैसे परत हवे असतात, म्हणून ती जामीनदाराची ऐपत पाहते. न्यायालयाला हवे असते ते एवढेच की, आरोपीने तारखेला हजर राहावे आणि साक्षीदारांना धाक घालू नये. मग तिथेही तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणि घरपट्टीची पावती यांवरच सगळे का अडावे? पैसेवाला गुंड दहा जामीनदार उभे करतो. अडकतो तो गरीब.

आमच्या पट्ट्यात तर कागदांचीच वानवा. उल्हासनगर १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या जागी, फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसले. त्यांना ओळखणारा जामीनदार तरी कुठून मिळणार होता? पुढे इथली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास कायदा करावा लागला. चाळीस वर्षे एकाच खोलीत राहूनही नावावर काही नाही, अशी माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात. बदलापुरात भाड्याने राहणाऱ्याचे नातेवाईक तर दूर, परजिल्ह्यात.

मध्य प्रदेशातल्या मोती राम नावाच्या गवंड्याची हीच गत झाली. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले. जातमुचलका म्हणजे स्वतःचीच लेखी हमी.

त्यानंतर कायदा बराच पुढे आला. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. त्याच वर्षी गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची केंद्रीय योजनाही आली. पण हे चाळीत ठाऊक कुणाला?

जामीन म्हणजे आरोपीचे लाड, असे आपल्याला वाटते. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या संतापाने बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले. फाशीच्या घोषणा झाल्या. मग आंदोलकांनाही अटक झाली आणि त्यांच्या घरचे जामिनासाठी धावू लागले. संताप खराच होता. आणि त्या घरांची धावपळही खरीच. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, निकालापूर्वी शिक्षा नको एवढेच त्याचे म्हणणे, हे त्या घरांना वेगळे सांगावे लागले नसेल.

धोका खरा असेल, तर न्यायाधीशांनी जामीन जरूर नाकारावा. पण एकदा दिलेला जामीन कागदासाठी अडू नये. माणूस किती वर्षे इथे राहतो, घरी कोण आहे, काम कुठे करतो, हे पाहून जातमुचलक्यावर सोडणे हा नियम व्हावा, अपवाद नव्हे.

आज त्या बाई आल्या, तर मी सही करीन. पण त्यांच्या मुलाचे स्वातंत्र्य माझ्या पगाराच्या पावतीवर टांगलेले असावे का, हा प्रश्न उरतोच.