बिस्किटाच्या पुड्याऐवजी भोपळ्याचे घारगे

महालक्ष्म्या उठल्या, पितृपक्ष आला, पाठोपाठ नवरात्र बसले, की आमच्या भाजीबाजारात लाल भोपळ्याच्या केशरी फोडी डोळ्यांत भरू लागतात. कोणी त्याला डांगर म्हणते, कोणी काशीफळ. या दिवसांत घरोघरी भोपळ्याचे घारगे होतात. होत असत, असे म्हणणे अधिक खरे. हल्ली घारगे नैवेद्यापुरते उरले आहेत आणि मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा आला आहे. या अदलाबदलीत आपण फार मोठा तोटा करून घेतला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दवाखान्यात आई मुलाला घेऊन येते. तक्रार ठरलेली असते : ‘‘डॉक्टरसाहेब, पोरगं काहीच खात नाही हो.’’ सकाळी काय दिले, असे विचारावे तर उत्तरही ठरलेले : चहा-बिस्कीट. शाळेतून आल्यावर पुन्हा बिस्कीट. दिवसाकाठी दोन पुडे सहज संपतात. म्हणजे मूल खात नाही असे नव्हे. ते मैदा, साखर आणि तेल खाते आणि जेवणाच्या वेळी त्याला भूक नसते. पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते, ते एकदा वाचा. साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम साखर असते. ‘ग्लुकोज’ या शब्दाने तर आपल्याला भुरळच घातली आहे. सलाईनच्या बाटलीत ताकद आणि पुड्यातही ताकद, असा समज! आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूसही पुडा घेऊनच जातो.

आता घारग्याकडे पाहू. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, पण त्याचा जो केशरी रंग आहे तो बीटा-कॅरोटीनचा. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. हे जीवनसत्त्व कमी पडले की मुलांना संधिप्रकाशात नीट दिसेनासे होते, पुढे बुबुळालाही इजा होऊ शकते. १९७० पासून आपल्या देशात मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात पहिला आणि पाच वर्षे वयापर्यंत एकूण नऊ. घारगे हा त्या डोसाला पर्याय नव्हे, ते डोस चुकवू नका. पण रोजच्या खाण्यात केशरी-पिवळ्या भाज्या आणि पालेभाज्या असाव्यात, आणि भाजी म्हटली की तोंड फिरवणारे मूल घारगा मात्र मागून खाते. शिवाय कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो. तो घारग्यात आपोआपच येतो.

करण्याची रीत बहुतेक भगिनींना माहीत आहे, तरी माझ्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढे सांगतो. वाटीभर भोपळ्याचा कीस चमचाभर तुपावर मऊ शिजवावा, त्यात अर्धी वाटी गूळ विरघळवावा, वर सुंठ, वेलदोडा आणि किंचित जायफळ. निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक घालून मळावे. पाणी मुळीच घालू नये, भोपळ्याचेच पुरते. तळण्याऐवजी जाडसर थापून मंद आचेवर तव्यावर तुपाचे बोट लावून भाजले तर मऊ, लुसलुशीत होतात आणि तेलही वाचते. मात्र तव्यावरचे दोन दिवसांत संपवावेत. तळायचेच असतील तर कालच्या भज्यांचे काळे तेल तरी वापरू नका.

कणकेत निम्मे ज्वारीचे पीठ घालून पाहा. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साहाय्याने ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८ साली दिले. ज्या जिल्ह्याच्या नावाने ज्वारी ओळखली जाते, तिथल्याच मुली फिकट चेहऱ्याने दवाखान्यात येतात, हे पाहवत नाही. आणि घारग्याबरोबर चहा नको. चहामुळे अन्नातले लोह अंगात कमी शोषले जाते.

अमेरिकेत ऑक्टोबर आला की भोपळ्याची मऊ बिस्किटे भाजतात, असे तिकडे नोकरीला असलेल्या मुलांचे आईवडील मला सांगतात. फोटोही दाखवतात. मसाला काय, तर दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग! भोपळा मूळचा त्या खंडातलाच, तेव्हा त्यांना हक्क आहे. पण ते फोटो कौतुकाने पाहणाऱ्या घरात घारगे ‘जुनाट’ ठरावेत, याची गंमत वाटते.

आता मधुमेही मंडळींसाठी, कारण हा लेख वाचून सर्वांत आधी तेच ताट पुढे ओढतील. ‘‘साहेब, साखर बंद केली, आता गूळच खातो,’’ हे वाक्य मी आठवड्यातून कितीदा तरी ऐकतो. गूळ हा बहुतांशी साखरच आहे. रक्तातली साखर तो जवळजवळ तशीच वाढवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतले कितीतरी गुळाच्या भरवशावर नवरात्र आणि दिवाळी काढतात आणि मग पायाची जखम घेऊन येतात. तुमच्यासाठी गुळाविना, मीठ-मिरची-ओवा घातलेले भोपळ्याचे थालीपीठ आहे. तेही भाकरीऐवजी खायचे, भाकरीनंतर नव्हे. सणाचा नैवेद्य म्हणून एखादा लहान गोड घारगा खाल्लाच, तर त्या जेवणातला भात सोडा. गोळ्या मात्र आपल्या मनाने वाढवू नका.

एक-दोन किरकोळ गोष्टी. भोपळा रोज भरपूर खाणाऱ्या मुलाचे तळहात पिवळसर दिसू लागले तर लगेच काविळीचा पाला आणायला धावू नका. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल आणि लघवी नेहमीसारखी असेल तर तो कॅरोटीनचा रंग आहे, खाणे कमी केले की जातो. डोळे पिवळे असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि भोपळा चिरताना लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर गूळ घालून कडूपणा झाकण्याच्या फंदात न पडता तो सरळ उकिरड्यावर टाकावा. कडू भोपळ्याने उलट्या-जुलाब होतात, आणि असा भोपळा गाईलाही घालू नये.