मातीला मानांकन कळत नाही

मैत्रिणींनो, आपल्या कुंभार पिंपळगावच्या नावातच माती आहे. मे महिन्यात इथं ऊन मी म्हणत असतं, तेव्हा तिकडे पॅरिसला फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा लाल मातीवर रंगू लागते. घरातली पोरं क्रिकेटला चिकटलेली, मग टेनिस कोण बघतंय? पण मुलींच्या आयांनी हे सामने एकदा तरी बघावेत.

ती लाल माती म्हणजे चक्क विटांचा भुगा. तिच्यावर चेंडू पडला की त्याचा वेग मरतो आणि तो उंच उडतो. त्यामुळे नुसत्या जोरावर काम भागत नाही. चेंडू परत येतो, पुन्हा परत येतो. दम धरणारीच शेवटी टिकते. म्हणून तर तिथं भल्याभल्यांचे अंदाज चुकतात. 2017 ते 2021 या पाच वर्षांत महिला एकेरीचं विजेतेपद तीनदा बिगरमानांकित मुलींनी पटकावलं. 2017 ला येलेना ओस्टापेन्को, 2020 ला इगा श्वीऑनटेक आणि 2021 ला बार्बोरा क्रेचिकोव्हा.

या इगाचंच बघा. तिनं पॅरिसचं विजेतेपद चारदा जिंकलं, लोक तिला मातीची राणी म्हणू लागले. पण 2025 मध्ये तिचा फॉर्म हरवला. माद्रिदला कोको गॉफनं तिला 6-1, 6-1 असं हरवलं, रोमला ती तिसऱ्या फेरीतच बाहेर पडली आणि पॅरिसच्या उपांत्य सामन्यात सबालेन्कानं तिला थोपवलं. 'संपली आता' असं बोलणारे निघालेच. आणि पुढच्याच महिन्यात ती विम्बल्डन जिंकली. तेही हिरवळीवर, अंतिम सामन्यात 6-0, 6-0 असं!

पण मला जास्त भावली ती लोइस बॉइसन. ही फ्रान्सचीच मुलगी. 2024 मध्ये तिला घरच्या या स्पर्धेत खेळायची संधी मिळाली होती. स्पर्धा तोंडावर आली आणि तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने गेले. 2025 ला आयोजकांनी तिला पुन्हा खास प्रवेश दिला, तेव्हा जागतिक क्रमवारीत तिचा नंबर होता 361. त्या पोरीनं तिसरी मानांकित जेसिका पेगुला आणि सहावी मानांकित मीरा अँड्रीव्हा या दोघींना घरी पाठवलं आणि उपांत्य फेरी गाठली. तिथं ती गॉफकडून हरली, आणि पुढे गॉफच विजेती ठरली. पण बॉइसन 361 वरून थेट 65 व्या क्रमांकावर पोचली.

आता आपल्याकडे या. पोरगी शाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो खेळते. एक दिवस गुडघा दुखावतो. लगेच घरात सुरू होतं, "बास झालं आता खेळणं. उद्या पाय अधू झाला तर लग्न कोण करील?" मुलाचा गुडघा दुखावला तर डॉक्टर शोधतात, मुलीचा दुखावला तर खेळ बंद करतात. आणि हे बोलणारी पुष्कळदा आपणच असतो, बरं का! काळजीपोटी बोलतो, पण त्या एका वाक्यानं तिचा खेळ कायमचा सुटतो.

मान्य, प्रत्येक मुलगी काही पॅरिसला जाणार नाही. टेनिस तर महागाचा खेळ. पण वाट अगदीच बंद आहे असंही नाही. सानिया मिर्झा लहानपणी हैदराबादला शेणानं सारवलेल्या कोर्टावर खेळली, हे तिनंच सांगितलंय. तीच 2012 साली महेश भूपतीबरोबर पॅरिसच्या लाल मातीवर मिश्र दुहेरीची विजेती झाली. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले 2023 च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर अंतिम सामना खेळत होती. पहिला सेट 2-6 असा गेला. पुढचा 6-3 नं घेतला, निर्णायक टायब्रेक 10-4 नं जिंकला आणि सुवर्णपदक आणलं. पहिल्या सेटवरूनच निकाल लावला असता तर?

म्हणून एवढंच सांगणं आहे. पोरीला लागलं तर तिला चांगल्या डॉक्टरांना दाखवा. सांगतील तेवढी विश्रांती द्या, सांगतील तो व्यायाम करून घ्या. पण दवाखान्यातून निघताना आणखी एक प्रश्न जरूर विचारा, "डॉक्टरसाहेब, ही पुन्हा कधी खेळू शकेल?" तो प्रश्न आईच्या तोंडून आला, हे पोरगी आयुष्यभर विसरणार नाही.